बिल्ला नंबर ३३१८८

हसनैनला मधला माणूस चालत नाही. त्याच्याबद्दल काहीही सांगायचं तर आधी हे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला. एसटी किती वाजता सुटणार हे तो चौकशीच्या खिडकीत विचारत नाही. ड्रायव्हर कुठे जेवायला बसलाय ते शोधून काढतो आणि त्यालाच विचारतो. तोवर दुसरा ड्रायव्हर गाडी घेऊन निघून गेलेला असतो. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे मेडिकलवाल्याला न विचारता तो पाकिटावरच्या कंपनीच्या नंबरला फोन लावतो आणि ताप उतरेपर्यंत फोन कानाला धरून बसतो. लग्नाच्या वेळी तर त्याने कहर केला. मध्यस्थ म्हणाले, मुलगी राजी आहे. हा म्हणाला, मी तिच्याकडूनच ऐकतो, आणि उठून धुळ्याला गेला. अफिफाच्या घरी वडीलधारी मंडळी बसलेली. त्यांना ओलांडून हा स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "तुम्ही राजी आहात ना?" ती म्हणाली, "आत्तापर्यंत होते." तरी लग्न झालं, आणि बरं चाललंय.

अमळनेरच्या बाजारात माझं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. शेजारी त्याच्या वडिलांची, नूर महंमदभाईंची, छपाई. दोन दुकानांच्या मध्ये एक पत्रा आहे, त्यामुळे त्यांच्याकडे शिंक आली तरी मला कळते. नूर महंमदभाई मुख्यतः लग्नपत्रिका छापतात. आमच्या खान्देशात लग्नपत्रिकेत नवरा-नवरी एका कोपऱ्यात असतात आणि उरलेली पत्रिका भाऊबंदांची असते. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोण निमंत्रक, कोण नुसता स्वागतोत्सुक, यावर घरोघर आठवडा जातो. म्हणून नूर महंमदभाईंचा एकच बाणा: पत्रिकेतलं नाव चुकता कामा नये. संगणकावर अक्षरं जुळवायचं काम हसनैनकडे. त्याने त्यावर लिनक्स टाकलेलं. कारण विचारलं तर मला म्हणतो, नाना, त्यात आत जाऊन बघता येतं.

हा आत जाऊन बघायचा रोग त्याला एका तळहाताएवढ्या कम्प्युटरमुळे लागला. तो त्याने हौसेने मागवला, घरी टीव्हीला जोडला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकला. तिथवर ठीक होतं. पण पायथन म्हणजेसुद्धा मधला माणूसच, हे त्याला लवकरच कळलं. कम्प्युटर प्रत्येक फाइलची माहिती वेगळी ठेवतो: मालक कोण, नावं किती, आकार किती, शेवटचा हात कधी लागला. ही माहिती सी नावाच्या जुन्या भाषेत एका ठरावीक मांडणीत असते. पायथनला विचारलं की तो आत जाऊन ती आणतो आणि नीट नावं लावून ताटात वाढतो. सगळं जग ते ताट घेतं. हसनैन म्हणाला, मला ताट नको, मला चुलीपाशी जायचंय. पायथनमधून सरळ सीच्या पोटात हात घालायची एक वाट असते, ती त्याने शोधली. कुठल्या जागेवर काय ठेवलेलं असतं ते त्या छोट्या कम्प्युटरवर बघून पाठ केलं, आणि स्वतःचा प्रोग्राम लिहिला. त्याचा उपयोग काय, असं मी विचारलं. म्हणाला, वेळ आली की कळेल. दुर्दैवाने वेळ आली.

आमच्या ओळखीतल्या अभिमनच्या मुलीचं, रूपाचं, लग्न दोंडाईच्याच्या स्थळाशी ठरलं. पत्रिका नूर महंमदभाईंकडे. पत्रिका छापून झाल्या, बांधून गेल्या, आणि पहिली देवापुढे ठेवून दुसरी अभिमन स्वतः प्रेमराजआबांच्या गावी त्यांना द्यायला गेला. प्रेमराजआबा म्हणजे त्याचे सख्खे काका, खानदानात सगळ्यात थोरले. या घरात मांडवाची पहिली मेढ थोरल्याच्या हाताने रोवतात. थोरला नाही तर मेढ नाही, आणि मेढ नाही तर हळद नाही. आबांनी चष्मा लावला, पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, उलटी करून मागची बाजूही वाचली. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

आता याला मागची गोष्ट आहे. आबांचा धाकटा भाऊ, म्हणजे अभिमनचा बाप बन्सीलाल, एसटीत कंडक्टर होता. अमळनेर-धुळे गाडीवर त्याने आयुष्य काढलं. एकदा आबा त्याच्या गाडीत बसले. तिकीट काढेनात. म्हणाले, भाऊनी गाडी शे, तिकीट कसानं? बन्सीलालने घंटी वाजवली आणि सख्ख्या थोरल्या भावाला भर उन्हात नवलनगरच्या अलीकडे उतरवलं. गाडीत निम्मी ओळखीची माणसं होती. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. बन्सीलाल दोन वर्षांमागे गेला, तेव्हाही आबा आले नाहीत. त्यानंतर अभिमनने पायऱ्या झिजवून आबांना जरा मऊ केलं होतं, आणि पत्रिकेत त्यांचं नाव सर्वांत वर द्यायचं ठरवलं होतं. आबांनी पत्रिका घडी करून परत दिली आणि म्हणाले, "बापनी माले गाडीमाईन उतारं. पोऱ्यानी पत्रिकामाईन उतारं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमन छपाईत आला. मी पत्र्याला कान लावायची गरज नव्हती.

"हसनैन भो, आबानं नाव कोठे गयं?"

हसनैनने मूळ कागद काढला. त्यात नाव होतं, सर्वांत वर. पत्रिकेत नव्हतं. नूर महंमदभाई खाली बसले. मग म्हणाले, "अभिमनभाऊ, सगळ्या पत्रिका नव्याने छापून देतो. आजच्या आज."

"नवी छापीसन काय करू? आबा म्हनतस, नाव टाकानं काम नही. काढनारा कोन ते दखाडा, मंग इचार करसू. रूपा जेवी नही राह्यनी. ती म्हनस, आबा मेढले उनात तरच हळद लावसू."

नाव कोणी काढलं, हे कोणालाच सांगता येईना. हसनैनला आठवेना. पत्रिका जुळवली त्या दिवशी नूर महंमदभाई कागद आणायला जळगावला गेलेले. अभिमनच्या घरून दोन-तीन जण येऊन फेरफार सांगून गेले होते, ते सगळे म्हणाले आम्ही नाही. तेव्हा हसनैन खुर्ची ओढून संगणकापुढे बसला आणि म्हणाला, "आपण एकमेकांना कशाला विचारतोय? फाइललाच विचारू."

त्याने तो प्रोग्राम चालवला. मीही पत्र्याला वळसा घालून आत गेलो होतो. पडद्यावर आकार आला, तो बरोबर होता. शेवटचा हात लागल्याची वेळ आली, गुरुवार दुपार, तीही पटण्यासारखी. मग आलं, या फाइलला किती नावं आहेत (एकाच फाइलला दोन नावंही असू शकतात म्हणे): शून्य. हसनैन जरा थबकला. आणि त्याखाली आलं, मालक: ३३१८८.

"मालकाला नंबर असतो," हसनैन म्हणाला. "पण एवढा मोठा नंबर आपल्याकडे कोणाचा नाही."

अभिमन पडद्याजवळ गेला. मग त्याने एकेका आकड्यावर बोट ठेवलं.

"हाऊ नंबर तुले कोनी सांगा?"

"फाइलने."

"हाऊ मना बापना बिल्ला शे."

मला ते ऐकताक्षणी आठवलं. खरंच होतं. पितळी बिल्ला, खाकी शर्टाच्या खिशावर, तेहतीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. धुळ्याच्या गाडीत उभं राहून जाणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या नाकासमोर तो नंबर वर्षानुवर्षं हलला होता. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण तेव्हा मी चपला काढल्या.

"आणि नावं शून्य," नूर महंमदभाई हळूच म्हणाले. "म्हणजे ह्या दुनियेत तिला वारस नाही."

तासाभरात बाजाराला कळलं. तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली माणसं, कोणी शंका घेतली नाही का? घेतली ना. कॉलेजातले एक सर आले आणि म्हणाले, एका फाइलवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे, दुसरी तपासा. दुसरी तपासली. मालक ३३१८८. तिसरी तपासली, ती एका खतना-दावतची पत्रिका होती, मालक ३३१८८. सर दुपारी स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्या संशोधन निबंधाचा मालकही बन्सीलालच निघाला. ते म्हणाले, तरीच पुढे सरकत नव्हता. मग रांगच लागली. पतपेढीचा अहवाल, कोणाचा बायोडेटा, वांग्याच्या भरिताच्या पार्टीचे फोटो, सगळ्यांवर एकच मालक. फाइलीऐवजी अख्खा फोल्डर तपासला तेव्हा मात्र नंबर १६८७७ आला. तो बन्सीलालच्या ड्रायव्हरचा असणार, हे सगळ्यांनी न विचारता मान्य केलं, कारण कंडक्टर एकटा गाडी थोडीच नेतो? दोघांनी माझ्याकडून ३३१८८चे रबरी शिक्के करून घेतले, महत्त्वाच्या कागदांवर मारायला. मी करून दिले. धंदा तो धंदा.

संध्याकाळी वच्छलाबाई आल्या, बन्सीलालची बायको. पदर नीट केला, संगणकासमोर स्टूल घेतलं आणि पडद्याकडे बघत बसल्या. हसनैन उठून उभा राहिला.

"काय करी राह्यनात तुम्ही आठे?" त्या पडद्याला म्हणाल्या. "रिटायर व्हयनात, मरी गयात, तरी तुम्हनी ड्युटी काय सुटनी नही. सख्खा भाऊनं नाव काढतस का कोनी? नातनं लगन शे, काही समजस का तुम्हले?" मग त्यांनी पिशवीतून डबा काढून कीबोर्डच्या बाजूला ठेवला. बाजरीची भाकरी आणि शेवभाजी. हसनैनला म्हणाल्या, डबा सकाळी धुऊन ठेव. त्या गेल्यावर त्या भाजीला हात लावायची हिंमत कोणाची होईना. शेवटी मीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी खुद्द प्रेमराजआबा आले. अभिमन त्यांना मोटरसायकलवर घेऊन आला होता. आबा सरळ आत आले. स्टुलावर बसले आणि चष्मा लावून नंबर वाचला.

"त्याले इचार," ते हसनैनला म्हणाले, "माले नवलनगरले कसाले उतारं."

"आबा, ही फाइल एवढंच सांगते. याहून जास्त नाही."

"तितलंच बोलस ना? मंग तोच शे. जित्ता व्हता तव्हय बी तितलंच बोले." आबांनी अजून दोन फाइली तपासून घेतल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि अभिमनला म्हणाले, "तुन्ही चूक नही रे पोऱ्या. त्याना सवभावच तसा शे. मी येसू मेढले."

अभिमन तिथेच रडला. नूर महंमदभाईंनी चहा मागवला. नव्या पत्रिका छापून झाल्या, त्यात आबांचं नाव ठळक. रूपा जेवली असा निरोप आला. मला वाटलं, सुटलो.

पण हसनैनच्या डोक्यातून ती शून्य नावं जाईनात. ज्या फाइलला नावच नाही, ती आपण कोणत्या नावाने उघडतोय? एका सकाळी त्याने दुकान उघडल्या उघडल्या एक नवी कोरी फाइल केली, स्वतःच्या हाताने, आणि तिला विचारलं. मालक ३३१८८. "नाना," तो पत्र्यापलीकडून म्हणाला, "ही मी आत्ता केली. बन्सीलालभाऊ कधी येऊन गेले?" मी म्हटलं, तू पाठमोरा झाला असशील तेव्हा. तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा मधल्या माणसाला विचारलं. साध्या पायथनने ताट वाढलं: नावं एक, मालक नंबर एक हजार. आणि तो ३३१८८ मालकाच्या रकान्यात नव्हताच.

तो मला समजावून सांगत होता तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. सीच्या त्या मांडणीत वाट्यांवर चिठ्ठ्या नसतात. मिसळणाच्या डब्यासारखं आहे ते. आपल्या घरच्या डब्यात हळद कुठे, मोहरी कुठे हे हाताला पाठ असतं. तोच हात डोळे मिटून शेजारणीच्या डब्यात घातला तर हळदीच्या जागी भलतंच हाती येतं. छोट्या कम्प्युटरच्या डब्यातल्या जागा त्याने पाठ केल्या होत्या, आणि दुकानातला कम्प्युटर दुसऱ्या जातीचा. आकार आणि वेळ दोन्ही डब्यांत नेमके एकाच जागी होते, म्हणून ते बरोबर आले आणि आम्ही सगळे फसलो. नावांच्या जागी मात्र रिकामी वाटी होती, आणि मालकाच्या जागी भलतीच. ३३१८८ म्हणजे फक्त एवढंच: ही साधी फाइल आहे, मालकाने लिहावी, बाकीच्यांनी वाचावी. जगातल्या बहुतेक साध्या फाइलींवर तोच आकडा असतो, आणि बहुतेक फोल्डरांवर १६८७७.

"आणि एक हजार कोण?" मी विचारलं.

"दुकानाचं खातं. म्हणजे गुरुवारी दुपारी इथे जो बसला होता तो." त्याने खुर्ची मागे सरकवली. "मीच होतो." अभिमनच्या घरून निरोप आला होता की पत्रिकेच्या माथ्यावरचा गणपती मोठा करा. त्याने केला. आबांचं नाव कोणीच काढलं नव्हतं, ते गणपतीच्या पोटाखाली गेलं होतं. पहिल्या फाइलमध्ये चित्राखाली ते अजून तसंच होतं.

मी त्याला सरळ सांगितलं, गप्प बस. दुसऱ्या दिवशी मेढ. आबा येताहेत, पोरगी जेवतेय, तुझं खरं घेऊन काय चाटायचंय? निदान अभिमनला सांग, तो बघेल कसं सांगायचं ते. हे मी बोललो आणि तिथेच चुकलो. मधल्या माणसाचं नाव काढल्यावर तो थांबणार होता थोडाच. आबांच्या गावी जायला त्याने मोटरसायकल काढली. मी रस्त्यात त्याचं मन वळवायचं म्हणून मागे बसलो, आणि वाऱ्यात त्याला माझा एक शब्द ऐकू गेला नाही.

आबा ओट्यावर बसून मेढीसाठी आणलेल्या लाकडाची साल काढत होते. हसनैन त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि सगळं सांगितलं, डबा, वाट्या, गणपती, सगळं. त्याने एक शब्दही मऊ केला नाही. मला त्याला ओट्यावरून ढकलून द्यावंसं वाटत होतं.

आबांचा हात थांबला. "म्हनजे बन्सी नव्हता."

"नाही आबा. नाव माझ्या हाताने झाकलं गेलं. तो नंबर कोणाचाच नाही. मला माफ करा."

आबांनी लाकूड मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "तो गया तव्हय मी गऊ नही. बठ्ठा लोक म्हनेत, आबा यावाऊ नही, त्याले कसाले बलावनं. कोनीच बलावं नही. मी आठेच बसेल व्हतू, दुपारलोंग. कोनी एक शबद म्हनता ना, तर मी गऊ व्हतू."

त्यांनी पुन्हा साल काढायला घेतली.

"आते त्याना नंबर उना," आबा म्हणाले. "खरा का खोटा ते मी नही इचारं. त्यानी मन्ही खोड काढी, म्हनजे तो मन्हाशी बोलना. इतला वरीसमा पहिलांदाव. ते तू परत लई जाऊ नको रे भो."

"पण आबा, ते खरं नाही."

"माले समजनं ना आते. आनखी कोनले सांगू नको."

हसनैनने माझ्याकडे बघितलं. सरळ विचारून सरळ सांगण्यात हयात घालवलेला माणूस, त्याला पहिल्यांदाच कळत नव्हतं की आता कोणाला विचारायचं. मला त्याची फार दया आली. मग त्याने मान हलवली आणि आबांच्या हातातलं लाकूड दुसऱ्या टोकाला धरलं, साल काढायला सोपं जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी अभिमनच्या दारात सगळे भाऊबंद जमले. आबा फेटा बांधून आले होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते की बन्सीने माझं नाव काढलं, म्हणून मला यावं लागलं, आणि प्रत्येक जण समजल्यासारखी मान हलवत होता. हसनैन माझ्या शेजारी उभा होता. दर वेळी त्याचे ओठ हलायचे आणि मिटायचे. वच्छलाबाईंनी मेढीला हळद-कुंकू लावलं, आणि दिराकडे न बघता बाजूला झाल्या. आबांनी मेढ उचलली, खड्ड्यात सोडली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. माती लोटायला पोरं पुढे आली, तर त्यांना मानेने थांबवलं.

"बन्सी," ते मेढीला म्हणाले, "मी उनू रे."

मग त्यांनी स्वतःच पायाने माती आत लोटली आणि दाबली.